कार्व्हर आणि मागचा बाक

१९९४ च्या जानेवारीत मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आठवीत शिकत होते. आमच्या मराठीच्या बाईंना ऑफ तासाला पुस्तक वाचून दाखवण्याची हौस होती. त्या महिन्यात त्यांनी वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' वाचायला घेतले होते. १९८१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या चरित्राने तोवर मराठी घरांत आणि शाळांत आपली जागा निर्माण केली होती. वक्तृत्वस्पर्धेचे बक्षीस म्हणून ते हमखास हाती पडे. गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, तिच्यासह पळवून नेले गेलेले आणि एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळालेले ते अशक्त मूल. पुढे केवळ कातडीचा रंग पाहून महाविद्यालयाने दारातून परत पाठवलेला तो तरुण. बाई वाचत होत्या आणि आम्ही रडत होतो. मुलीच नव्हे, मुलगेही. अमेरिकेतील त्या अन्यायाने आमचा सगळा वर्ग हेलावून गेला होता.

त्याच महिन्यात, १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केल्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले होते, घरे जाळली गेली होती. त्याला पंधरा वर्षे उलटून गेली होती, तरी भीती ओसरलेली नव्हती. गावच्या चौकात पोलिसांची गाडी उभी असे. आमच्या वर्गातील मागच्या दोन बाकांवरची मुले त्या आठवड्यात शाळेत आली नाहीत. ती का येत नाहीत, हे बाईंनी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. ती परत आली तेव्हा पुस्तकातला कार्व्हर टस्कीगीला पोचला होता, आणि त्यांना मधला भाग कोणी सांगितला की नाही हे मला आठवत नाही.

या दोन गोष्टी एकाच खोलीत, एकाच वेळी घडत होत्या हे मला उमजायला पंचवीसहून अधिक वर्षे जावी लागली. मधल्या काळात मी मराठीत एम. ए. केले, दलित आत्मकथनांवर प्रबंध लिहिला, पदवी मिळवली आणि महाविद्यालयात ते साहित्य शिकवूही लागले. ज्या घरात माझा जन्म झाला त्या घराला आपली जात कोणाला सांगण्याची वेळ कधी आली नव्हती, आणि लपवण्याची तर नाहीच. हे येथेच नोंदवून ठेवते; कारण पुढे जे सांगायचे आहे त्यातील चुका काही अंशी तेथूनच आलेल्या आहेत.

२०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळांना पाहुणे लागतात आणि महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकांना बोलावणी येतात. अशाच एका बोलावण्यावरून मी एका माध्यमिक शाळेत गेले. भाषण केले, नारळ आणि पुष्पगुच्छ स्वीकारला. परत निघताना मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाचे कपाट उघडून दाखवले. कपाटात संतचरित्रे होती, थोर पुरुषांची छोटी चरित्रे होती, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या होता, 'श्यामची आई'च्या आठ प्रती होत्या आणि 'एक होता कार्व्हर'च्या तीन. यांतील एकही पुस्तक कपाटातून काढावे असे मला वाटत नाही. माझे स्वतःचे वाचन याच पुस्तकांवर पोसले गेले आहे. परंतु ज्या शाळेच्या हजेरीपटावर वडार, कैकाडी, पारधी, मुसलमान, बौद्ध, मातंग अशा सर्व घरांतील मुलांची नावे होती, त्या शाळेच्या कपाटात या घरांपैकी एकाही घराने स्वतः लिहिलेले पुस्तक नव्हते. आंबेडकरांचे चरित्र होते. त्यांनी स्वतः लिहिलेले एक पानही नव्हते.

मी महिन्यातून एकदा येऊन वाचनाचा तास घेईन, असे तेथेच सांगून टाकले. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी एवढेच म्हटले, "मॅडम, पुस्तकं तेवढी चांगली निवडा." या 'चांगली' शब्दाचा अर्थ मला त्या वेळी कळला असे वाटले होते.

पुढच्या तासासाठी मी स्वतःच्या पैशांनी काही पुस्तके नेली. 'फकिरा' (१९५९), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६), 'उचल्या' (१९८७), मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' (१९९५), वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) आणि अर्थातच दया पवारांचे 'बलुतं' (१९७८). ही यादी करताना मी आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे पाहिले होते, तेरा वर्षांच्या मुलांकडे नव्हे, हे आज स्पष्ट दिसते. यांतील बहुतेक पुस्तके बालवाचकांसाठी लिहिलेली नाहीत. त्यांत शिव्या आहेत, भूक आहे, देहाची विटंबना आहे, आणि या सर्वांना त्या त्या पुस्तकात स्थान आहे. त्यांतला सोयीचा तुकडा कापून घ्यावा तर लेखकाशी प्रतारणा होते. संपूर्ण पुस्तक आठवीच्या मुलाच्या हाती द्यावे तर पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतात. पाठ्यपुस्तकांनी हा पेच उताऱ्याने सोडवला आहे. उताऱ्यात बोली थोडी प्रमाण होते, शिवी गळते, आणि शेवटी शिक्षण घेऊन मोठ्या झालेल्या मुलाविषयी समाधान उरते. शिकून मोठा झालेला दलित मुलगा पाठ्यपुस्तकाला आवडतो. रागावलेला आवडत नाही. कार्व्हरच्या लोकप्रियतेतही, मला वाटते, या आवडीचा वाटा आहे. कार्व्हर नम्र होता, कष्टाळू होता, आणि अपमान करणाऱ्यांच्या देशासाठी त्याने शेंगदाण्यातून शेकडो वस्तू काढल्या. अशा माणसावरील अन्यायाने डोळे ओले करणे फारसे महाग पडत नाही.

पहिल्या तासाला मी कार्व्हरच वाचला. तीस वर्षांपूर्वीसारखेच घडले: मुले स्तब्ध झाली, दोघी-तिघींनी डोळे पुसले. दुसऱ्या महिन्यात 'बलुतं' काढले. गावकीची कामे आणि त्यांच्या मोबदल्यात घरोघर फिरून मिळणारी भाकरी, हा भाग मी निवडला होता. त्यात शिवी नव्हती, काही 'अयोग्य' नव्हते. निवड नीट झाली आहे याचे मला समाधान वाटत होते. मी वाचू लागले. आवाजात, सवयीने, थोडी करुणा आणली.

दुसऱ्या पानावर कुठेतरी वर्गात एक हालचाल झाली. पुढच्या बाकावरील एका मुलाने मान वळवून मागे पाहिले. मग त्याच्या शेजाऱ्याने पाहिले. मग आणखी काही जणांनी. त्यांच्या पाहण्यात कुचेष्टा नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. काहींच्या नजरेत तर कणव होती. पण सगळ्यांच्या नजरा एका बाकावर जाऊन थांबल्या होत्या, आणि त्या बाकावरचा मुलगा वहीच्या पुठ्ठ्यावर पेनने एकच रेघ पुनःपुन्हा गिरवीत होता. वर्गाला त्याची जात ठाऊक होती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात तेव्हा कार्यालयातून यादी येते, ती वर्गात मोठ्याने वाचली जाते आणि नावे आलेली मुले उठून जातात. आपल्या बहुतेक शाळांतील मुलांना एकमेकांच्या जाती कळण्याची ही रीत आहे. त्या यादीने जे काम वर्षातून एकदा केले होते, तेच काम त्या दिवशी मी एका अभिजात मराठी पुस्तकाच्या साहाय्याने केले.

मी वाचन थांबवले नाही. थांबवले असते तर सर्वांच्या लक्षात आले असते, असा विचार मनात आल्याचे आठवते. परंतु खरे कारण बहुधा हे असावे की कसे थांबावे हे मला कळेना. तास संपल्यावर टाळ्या झाल्या. पुढच्या महिन्यातील तासाला तो मुलगा नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यातही नव्हता. वर्गशिक्षकांनी सांगितले की तो शाळेत येतो, फक्त तुमच्या तासाला पोट दुखते म्हणून घरी जातो.

एका दुपारी तो सायकलींच्या शेडजवळ दिसला. मी त्याची क्षमा मागावी असे ठरवून गेले होते, पण मोठ्या माणसाने क्षमा मागितली की लहानाला ती 'असू द्या' म्हणून परत करावी लागते, हेही माझ्या लक्षात येत होते. म्हणून फक्त विचारले, "तुला पुस्तक आवडलं नाही का रे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही कार्व्हर वाचलं तेव्हा कुणी मागं बघितलं नव्हतं."

या वाक्याने माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण मला नव्याने वाचायला लावले. त्या प्रकरणात दलित आत्मकथनांच्या स्वागताचा विचार मी केला होता. या पुस्तकांविरुद्ध पहिली तक्रार केवळ सवर्ण समीक्षकांनी केली नव्हती. दलित समाजातील अनेक सुशिक्षितांनीही विचारले होते की हा भूतकाळ चव्हाट्यावर कशासाठी मांडायचा, ज्यातून कसेबसे बाहेर पडलो तो उकिरडा पुन्हा का उकरायचा. मी त्या आक्षेपाची नोंद करून, 'नवशिक्षित मध्यमवर्गाची न्यूनगंडात्मक प्रतिक्रिया' अशा अर्थाचा शेरा मारून पुढे गेले होते. मार्गदर्शकांनी तो शेरा मान्य केला होता, परीक्षकांनीही. तेरा वर्षांच्या मुलाने तोच आक्षेप माझ्यासमोर घेतला तेव्हा तो शेरा मला उच्चारता आला नसता. स्वतः दया पवारांनी या पुस्तकात 'दगडू मारुती पवार' आणि लेखक असे स्वतःचे दोन भाग करून एकाने दुसऱ्याला आपली कहाणी सांगावी अशी रचना केली आहे. आपण वर्गात तिची चर्चा 'निवेदनतंत्र' म्हणून करतो. स्वतःची गोष्ट सांगताना मधे एक माणूस उभा करावा लागणे, हे केवळ तंत्र नसून ती एक गरज असावी, हे मला सायकलींच्या शेडजवळ प्रथम जाणवले. त्या मुलासाठी मी मधे कोणालाच उभे केले नव्हते.

अमेरिकेतील बालसाहित्याच्या अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली पुस्तकांविषयी एक प्रतिमा योजली, आणि तेथील शाळांत वर्णभेदविरोधी, बहुविध पुस्तके नेण्याच्या प्रयत्नांत ती आजही वापरली जाते. पुस्तके ही मुलांसाठी खिडक्या असतात, आरसे असतात, आणि सरकती काचेची दारेही असतात, असे त्यांचे म्हणणे. ज्या मुलाला कोणत्याच पुस्तकात स्वतःचे प्रतिबिंब दिसत नाही, त्याला आपल्या नगण्यतेचा धडा मिळतो. आणि ज्याला सर्वत्र स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, त्याचीही हानीच होते. ही मांडणी मला पटते. आमच्या शाळेच्या कपाटावरील माझा आक्षेपही हाच होता. परंतु माझ्या वर्गात तिच्यात एक अडचण उपस्थित झाली. एका मुलाचा आरसा उरलेल्या पन्नास मुलांची खिडकी म्हणून उघडला गेला, आणि तो मुलगा खिडकीच्या पलीकडे, पाहिला जाणारा म्हणून उभा राहिला. आरसा माणूस एकटा असताना पाहतो. मोठ्याने वाचून दाखवणे ही सार्वजनिक क्रिया आहे. हा साधा भेद मी केला नव्हता.

अमेरिकेचा उल्लेख येथे ओघाने आला असला, तरी तो आपल्या परंपरेला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले तेव्हा ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र पाठवून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. या सर्वांनी अमेरिकेकडे पाहिले ते येथील अन्याय अधिक स्पष्ट दिसावा म्हणून. आम्ही शाळांतून कार्व्हर वाचला तो नेमका उलट कामासाठी. तेथील अन्यायावर रडून झाले की येथील अन्यायाकडे पाहण्याची निकड उरत नसे. पुस्तकाचा यात दोष नाही. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका आणि 'एक होता कार्व्हर' ही दोन्ही एकाच तासाला वाचली गेली असती तर १९९४ च्या त्या वर्गात काय घडले असते, याचा विचार मी पुष्कळदा करते.

मग मी 'श्यामची आई' पुन्हा काढले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या या पुस्तकात एक प्रसंग आहे. अस्पृश्य म्हातारीची लाकडाची मोळी रस्त्यात पडलेली असते आणि शिवायचे कसे म्हणून ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून देण्यास सांगते. मग घरी येऊन अंघोळ कर म्हणते. साने गुरुजींच्या तळमळीविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नाही. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले होते. मी या प्रसंगाचे मोठेपण आजही मानते. पण महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्या या प्रसंगात श्यामच्या जागी उभ्या राहून वाचत आल्या आहेत. मोळी कोणाची, ती म्हातारी त्या दिवशी घरी जाऊन काय म्हणाली, श्याम अंघोळ करतो हे तिला ठाऊक असेल काय, हे प्रश्न आम्हाला शाळेत पडले नाहीत. आणि म्हातारीच्या नातवाने हाच धडा वाचला असेल तेव्हा तो कोणाच्या जागी उभा राहिला असेल, हा तर नाहीच.

तेव्हा प्रश्न फक्त कोणती पुस्तके न्यावीत एवढा राहिला नाही. वाचताना वर्गाची नजर कोठे वळते, हा प्रश्न त्याच्या आधीचा ठरला. दुःख सोसणाऱ्याचे वर्णन वाचले की नजरा सोसणाऱ्याकडे वळतात. त्या दुःख देणाऱ्याकडे वळवायच्या असतील तर वेगळा मजकूर हवा, आणि त्याहून अधिक म्हणजे वेगळे प्रश्न हवेत.

पुढच्या वर्षी आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणातील पहिला प्रसंग मी मराठीत सांगितला. ही टिपणे १९९० साली पुस्तिकारूपाने प्रकाशित झाली. १९०१ सालचा तो प्रसंग आहे आणि त्यातील पात्रे मुले आहेत, ही माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होती. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुले, नवे कपडे घालून, साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघतात. आगगाडीच्या प्रवासाचा आनंद, मसूर स्थानकावर कोणीच न्यायला न येणे, स्थानकावर रेंगाळणारी ती नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तरने केलेली आपुलकीची चौकशी. आणि मुलाने भाबडेपणाने जात सांगताच त्याचे आपल्या खोलीत निघून जाणे. नंतर दुप्पट भाडे घेऊनही गाडी मुलांनी स्वतः हाकावी अशी अट, आणि रात्रभर पाण्यावाचून काढलेला प्रवास. जवळ जेवण होते, पण पाणी नव्हते म्हणून ते खाता आले नाही, हा तपशील मुलांना फार लागला.

सांगून झाल्यावर त्या मुलांना काय वाटले असेल, हा नेहमीचा प्रश्न मी विचारला नाही. मी विचारले, स्टेशनमास्तर आपल्या खोलीत का निघून गेला? आधी तर तो प्रेमाने बोलत होता. आणि गाडीवानाला पैसे चालले, मुले का चालली नाहीत? वर्ग विचारात पडला. एकाने सांगितले, "त्याला बाकीचे गाडीवान हसले असते." दुसरा म्हणाला, "त्याला लहानपणी तसंच शिकवलं असेल." कोणीही मागे वळून पाहिले नाही, सगळे १९०१ सालच्या गाडीवानाकडे पाहत होते. तो मुलगा त्या दिवशी वर्गात होता. तो काही बोलला नाही, आणि त्याने बोलावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मग दुसऱ्या रांगेतील एक मुलगी उठली आणि अगदी सहज म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा कप पण खिडकीत वेगळा असतो."

वर्गात काही क्षण कोणी काही बोलले नाही. नंतर आणखी दोन हात वर झाले. एका घरी कप, एका घरी ताटली. एका मुलाने आपल्या आजोळच्या गावातील पाणवठ्याविषयी सांगितले. मला वाटते, शाळेतल्या कोणत्याही वाचनाच्या तासाकडून यापेक्षा अधिक मागता येणार नाही.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांचा दूरध्वनी आला. मुलीने घरी जाऊन आईला कपाविषयी विचारले होते. पालक शाळेत येऊन गेले होते. त्यांचे म्हणणे असे की बाहेरून येणाऱ्या मॅडम मुलांच्या मनात जात भरवीत आहेत. आमच्या घरी असले काही नसते. कप वेगळा असतो तो स्वच्छतेसाठी. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा देऊन परत पाठवले आणि मला तास काही काळ स्थगित ठेवण्याची विनंती केली. त्यांच्या स्वरात राग नव्हता, शीण होता. शाळेला तुकडी टिकवायची असते, पट टिकवायचा असतो. गावात आता इंग्रजी माध्यमाच्या शाळा पुष्कळ झाल्या आहेत. मला त्यांच्यावर रागावता आले नाही.

'मुलांच्या मनात जात भरवणे' या आरोपाचा मी बराच विचार केला. 'बलुतं'च्या तासाला मी जे केले त्याला हा आरोप लागू पडतो असे कोणी म्हटले असते, तर मला मान खाली घालावी लागली असती. त्या तासाविषयी मात्र एकाही पालकाची तक्रार आली नव्हती. ज्या तासाने एका मुलाला वर्गात एकटे पाडले, त्याला टाळ्या मिळाल्या. आणि ज्या तासाने कोणाकडेही बोट न दाखवता घरातल्या खिडकीकडे पाहायला लावले, तो बंद झाला. महाविद्यालयात आपण जेव्हा 'आस्वाद' हा शब्द वापरतो, तेव्हा तो या दोहोंपैकी कोणत्या तासाला लावायचा, हा प्रश्न मी माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारला. त्यांच्यात उत्तरावर एकमत झाले नाही. एका विद्यार्थिनीने मात्र सुचवले की वाचून दाखवण्याऐवजी पुस्तके घरी न्यायला द्यावीत. आपल्याला शाळेत असताना 'जिणं आमुचं' कोणी गुपचूप दिले असते तर बरे झाले असते, पण वर्गात वाचलेले सहन झाले नसते. ती याहून अधिक बोलली नाही.

तिचे म्हणणे मी मानले. शाळेच्या कपाटात आता ती पुस्तके आहेत, सर्वांना सारखाच खाकी पुठ्ठा घातलेला आहे. कोण काय घेऊन जातो ते बाहेरून कळत नाही. देवघेवीची नोंदवही ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांकडे असते, आणि ती मी पाहत नाही. तो मुलगा पुढे दहावी होऊन गेला. त्याने यातले काही नेले की नाही, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घेण्याचा मोह मी आवरला आहे.

या वर्षी तास पुन्हा सुरू करू, असे मुख्याध्यापकांनीच कळवले. अट एकच: वाचायच्या मजकुराची यादी आधी द्यावी. मी तीन नावांची यादी दिली. पहिले 'एक होता कार्व्हर'. दुसरे मसूरचा प्रवास. तिसरे नाव मुक्ताबाईंच्या निबंधाचे आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेल्या जुलमांची तिने त्यात गणना केली आहे, आम्हाला धर्म कोणता असा देवालाच प्रश्न केला आहे, आणि शेवटी आपल्या लोकांना ज्ञान घ्या म्हणून विनवले आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळातील इतका संतप्त आणि इतका तर्कशुद्ध मजकूर एका शाळकरी मुलीच्या हातून उतरला, ही गोष्ट शाळकरी मुलांना कळू नये हे मला चमत्कारिक वाटते. त्यात दया मागणारे कोणी नाही. त्यात नजर वर करून विचारणारी मुलगी आहे, आणि तिच्याकडे वळून पाहणाऱ्याला तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. हा निबंध मी वाचणार नाही. वर्गातील ज्या मुलींना वाचावासा वाटेल त्यांनी आळीपाळीने एकेक परिच्छेद वाचावा, कोणी कोणता परिच्छेद वाचायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असा विचार आहे.

निबंधाच्या शीर्षकातच 'मांग' आणि 'महार' हे शब्द आहेत. मुख्याध्यापकांनी यादी परत पाठवली तेव्हा पहिल्या दोन नावांपुढे बरोबरची खूण होती. तिसऱ्यापुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे, खोडलेले नाही. येत्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत भेटायला बोलावले आहे.